हक्कसोडीची साडी

१४ जून, शनिवार. नणंदेच्या साडीला फॉल लावायला बसले. बाजारात टाकली असती तर आठ दिवस लागले असते आणि आम्हाला ती मंगळवारी हवी होती. मंगळवारी अकरा वाजता पौडच्या नोंदणी कार्यालयात आमची वेळ ठरली होती. तिथे नणंद हक्कसोडपत्रावर सही करणार, म्हणजे वडिलांच्या मिळकतीतला आपला वाटा भावाला कायमचा सोडून देणार, आणि बाहेर आल्यावर भाऊ तिला साडी देणार. आमच्या भागात ही रीत आहे. कुणी पैठणी देतं, कुणी साधी काठापदराची, पण सही झाल्यावर बहिणीला रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत. याला माणुसकी म्हणतात.

साडी मोरपंखी होती. नवऱ्याने बजावलं होतं, चांगल्यातली घे, लोक बघतात. मी चांगल्यातली घेतली. नव्या कापडाच्या खळीचा वास नाकात बसला होता आणि प्रत्येक टाक्याला मला स्वतःच्या बोटांचा राग येत होता. मंगळवारच्या त्या सहीची बँकेला काहीही गरज नाही, हे मला शुक्रवारपासून माहीत होतं.

हे सगळं मुलीच्या परदेशातल्या शिक्षणासाठी चाललं होतं.

मुलगी इंजिनिअर आहे. हिंजवडीत दोन वर्षं नोकरी केली, मग पाण्याच्या नियोजनावर इंग्लंडमध्ये पुढचं शिक्षण घ्यायचं तिने ठरवलं. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. स्वतःच्या पगारातून तिने परीक्षेची फी भरली, अर्ज केले, एका विद्यापीठाचं पत्र आलं. वर्ग सप्टेंबरात सुरू होणार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढून मी तिची जागा राखून ठेवण्याची रक्कम भरली. उरलेली फी आणि तिथला वर्षाचा खर्च यासाठी बँकेचं कर्ज लागणार होतं. ते मंजूर झाल्याचं पत्र जूनअखेर हातात पडलं तरच व्हिसाचा अर्ज वेळेत जाणार होता. नाहीतर तिचं वर्ष गेलं आणि मी भरलेली रक्कमही गेली.

त्याआधी आम्ही महाळुंग्याला एका सल्लागाराकडे जाऊन आलो होतो. काचेची इमारत, खाली जिम, वर याचं ऑफिस. टेबलावर चॉकलेटची परडी, भिंतीवर देशोदेशींचे झेंडे आणि विमानतळावर अंगठा दाखवणाऱ्या पोरांचे फोटो. सल्लागार माझ्या मुलीच्याच वयाचा होता आणि मला दर वाक्यात दोनदा मॅडम म्हणत होता. तिच्या विद्यापीठाचं नाव ऐकून त्याने तोंड जरा वाकडं केलं आणि दुसऱ्याच एका विद्यापीठाचं माहितीपत्रक पुढे सरकवलं.

"इथे माझा विषयच नाहीये," मुलगी म्हणाली.

"विषयाचं काय, मॅनेजमेंट घ्या. मॅनेजमेंट कुठेही चालतं."

त्या विद्यापीठाकडून त्याला दर विद्यार्थ्यामागे काहीतरी मिळत असणार हे कळायला मला त्याचं हसू पुरेसं होतं. मग पैशांचा विषय निघाला. बँकेचं झंझट करूच नका, म्हणाला. त्याच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. ते महिनाभर आमच्या खात्यात लागेल तेवढी रक्कम ठेवतील, व्हिसावाल्यांना ती दाखवायची, काम झालं की ते काढून घेतील. वर थोडं व्याज.

"आणि तिथे गेल्यावर ही जेवणार काय?" मी विचारलं.

"पार्टटाइम, मॅडम. सगळे तेच करतात."

मी पर्स उचलली. मुलगी माझ्यामागून उतरली. तिने एक चॉकलेट घेतलं होतं, त्याचा कागद जिन्यात चुरगळत होती.

एवढ्यात नवऱ्याने गावाच्या फाट्यावर फ्लेक्स लावला. "उच्च शिक्षणासाठी परदेशगमन, हार्दिक अभिनंदन." कर्जाचा पत्ता नाही, व्हिसाचा पत्ता नाही आणि अभिनंदन. वरच्या ओळीत गावातले सहा पुढारी, मधोमध नवरा हात जोडून, त्याच्या कोपराशी मुलगी. खाली शुभेच्छुकांत चुलते, पुतणे, क्रिकेटचा संघ. मी नाही, तिची आत्या नाही. मी विचारलं तेव्हा नवरा म्हणाला, "बायकांचं फोटू कुटं फ्लेक्सावर लावत्यात का?" मी म्हटलं, मुलीचा लावलाय की. तर म्हणाला, "ती निमित्त हाय."

बँकेला तारण हवं होतं. आमच्याकडे तारण द्यावं असं एकच आहे, घरामागची बारा खोल्यांची चाळ. सासऱ्यांनी बिनशेती करून, परवानगी काढून बांधली. खोल्यांत कंपन्यांतले कामगार आणि दोन-तीन इंजिनिअर मुलं भाड्याने राहतात. सासरे गेल्यावर उताऱ्यावर दोन नावं लागली, माझा नवरा आणि त्याची बहीण. बँकेतून पहिल्यांदा जाऊन आला तेव्हा नवऱ्याने घरात जाहीर केलं, "बँक म्हणतीया, आक्काचं नाव कमी करा, मगच कर्ज." लगेच वकील गाठला, मसुदा झाला, पौडची वेळ ठरली. मुलीचं वर्ष हातातून जाऊ नये या घाईत मी काही विचारलं नाही. साडी आणायला मात्र गेले.

शुक्रवारी माझ्या पगाराचे दाखले द्यायला मी एकटीच बँकेत गेले. कर्जाचं काम बघणारी बाई तरुण होती, पण कामाची वाटली. कागदांची छापील यादी माझ्या हातात देत ती म्हणाली, "नणंदबाईंना एकदा घेऊन या. त्या सहमालक आहेत, गहाणखतावर त्यांचीही सही लागेल."

मी म्हटलं, "त्यांची हक्कसोड मंगळवारी आहे."

"ती कशाला?"

"तुम्हीच सांगितलीत ना?"

"नाही हो. त्यांनी संमतीची सही केली की झालं, वाटा त्यांचा त्यांच्याकडे राहतो. हक्कसोड तुमची घरची गोष्ट. बँकेला नको."

घरी येईपर्यंत मी ती यादी तीनदा वाचली. त्यात खरोखरच कुठे हक्कसोड नव्हती. तरी शनिवारी जेवणं आटोपल्यावर मी सुई-दोरा घेऊन बसले. आपण शहाण्या आहोत असं मला वाटत आलेलं आहे. शहाणी बाई काय करते, तर गप्प बसून फॉल लावते.

चार वाजता आक्का स्वतःच आल्या. आक्का म्हणजे माझी नणंद. नवऱ्याहून सहा वर्षांनी मोठी, माले गावात दिलेली. पौडवरून जीप पकडून आल्या होत्या, पिशवीत भाचीसाठी जांभळं. पायरीवर बसून पदराने वारा घेत म्हणाल्या, "फाट्यावं उतरले तर तुझा नवरा दिसला."

"ते तर वावरात गेलेत."

"फ्लेक्सावर गं. पोरीपरीस दुप्पट मोठा फोटू. विमानात कोन बसनार हाय, ह्यो का ती?"

मुलगी आतून आली आणि जांभळांवर तुटून पडली. आक्का तिच्याकडे बघत राहिल्या.

"तितं थंडी लई असती म्हनं. नवी गोधडी शिवलीया, दिऊ का?"

"आत्या, सामानाला वजन ठरलेलं असतं. गोधडीच पाच किलोची होईल."

"मग पुस्तकं हितं ठेव."

मुलगी हसत आत गेली. आक्कांचं लक्ष माझ्या मांडीवरच्या साडीकडे गेलं.

"कुनाची गं?"

"तुमची. मंगळवारसाठी."

त्यांनी काठ हातात घेतला, उलटा करून बघितला. "चांगली हाय. पन जामिनाच्या सहीला साडी कशाला? मागं दिराला जामीन ऱ्हायले तर त्यानं चा बी पाजला न्हाई." मग काठ खाली ठेवून म्हणाल्या, "जामीनच ऱ्हायचं हाय ना मला, वैनी?"

मी दाताने दोरा तोडत होते.

"हं," मी म्हणाले.

एवढंच. बाकी काही बोलले असते तर निदान खोटं तरी पुरतं बोलले, असं म्हणता आलं असतं.

"मग काय," आक्का म्हणाल्या, "शिकू दे पोरीला. पैसं फिटलं की कोपऱ्यातली खोली मला सुटी. सुनंला मी सांगूनच ठेवलंय, लई तोरा केलास तर गठुडं उचलीन आन माझ्या बापाच्या चाळीत जाऊन ऱ्हाईन. तवापासनं भाकरी गरम मिळतीया." आणि त्या स्वतःच खळखळून हसल्या.

मीही हसले. चहा करून दिला, एसटीची वेळ झाली तशी फाट्यापर्यंत सोडून आले. परत येऊन पुन्हा सुई हातात घेतली तर दोरा ओवता येईना. सुई तशीच साडीत खोचली आणि स्वयंपाकाला लागले.

नवरा वावरातून आल्यावर मी ताटं वाढली आणि विचारलं, "आक्कांना तुम्ही काय सांगितलंय?"

"सही करायची हाय म्हणून."

"कशावर?"

"कागदावर. आनखी कशावर करत्यात?"

"त्यांना वाटतंय त्या जामीन राहतायत."

"मग वाटू दे की."

"बँकेला हक्कसोड नको आहे. मी काल विचारून आले."

त्याने भाताचा घास कालवला, खाल्ला, वरून पाणी प्यायला. "ठावं हाय मला. पहिल्याच दिशी सांगितलं त्यांनी."

मला वाटलं होतं, तो म्हणेल, माझा काहीतरी गैरसमज झाला असेल. मी त्याच्यासाठी तेवढी जागा मनात ठेवली होती.

"मग आम्हाला का खोटं सांगितलंत?"

"आगं, आज ना उद्या करायचंच हाय ते. रिंगरोड हिकडनं चाललाय, भाव कुटं चाललंत बघतीस ना? उद्या तिची पोरं वाटा मागायला आली म्हंजी? आत्ता पोरीच्या शिक्षणाचं म्हटल्यावर आक्का न्हाई म्हननार न्हाई. येवढा चांगला मोका परत यायचा न्हाई."

मोका. मुलीचं शिक्षण हा त्याला सापडलेला मोका होता. फ्लेक्सवर ती कोपराशी का होती ते मला आता कळलं.

"आन तू न्हाई का केलीस म्हायेरी, मुठ्याला सही?" तो म्हणाला. "मेलीस का त्यानं?"

केली होती. लग्नाला चार वर्षं झाली होती. भावाने निरोप पाठवला, घर बांधतोय, कर्जाला तुझं नाव आडवं येतंय. मी गेले, न वाचता सही केली. मी, जी मुलांना सांगते की प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. घर बांधलंच नाही. पाच वर्षांनी जमीन विकली. आता तिथे शनिवार-रविवारचे बंगले आहेत आणि वडिलांच्या खाचराच्या जागी पोहण्याचा तलाव आहे. मला अबोली रंगाची साडी मिळाली होती. दोनदा नेसले, मग तिचे उशांचे अभ्रे शिवले. ते बरेच टिकले.

मी हे नवऱ्याला सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आई, प्लीज. आत्ता नको ना हा विषय. माझं कर्ज होऊ दे, व्हिसा होऊ दे, मग बघू. आत्याला तसंही त्या खोल्यांचं काय करायचंय?"

मुठ्याच्या घरी माझ्या वहिनीने हेच विचारलं होतं. तुला तसंही इथल्या जमिनीचं काय करायचंय. शब्दसुद्धा तेच. माझी मुलगी तेव्हा जन्मलीही नव्हती.

मी तिच्याकडे बघितलं. जांभळांनी तिची जीभ अजून निळी होती.

"आत्याला काय करायचंय ते तिने आज पायरीवर बसून सांगितलं," मी म्हणाले. "तू आत जांभळं खात होतीस."

"म्हणजे माझं वर्ष गेलं तरी चालेल तुला?"

"ते मी म्हणाले नाही."

"मग म्हणतेयस काय तू?"

नवऱ्याचा मला संताप आला होता. मुलीच्या बोलण्याची मात्र किळस आली, आणि हे बोलणं तिच्या बापाकडून आलंय असं म्हणून मोकळं होता येईना, कारण दुपारचं ते "हं" माझंच होतं. समोरचं ताट मी तसंच उचललं आणि भात कोंबड्यांसाठी काढून ठेवला. बाहेरच्या खोलीत साडी खाटेवर पडली होती. तिच्यावरून हात फिरवून नवरा म्हणाला, "फॉल उरक तेवढा." मी भांडी घासायला बसले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, साडेसहाला मी स्कूटर काढली. पर्समध्ये बँकेची यादी, हक्कसोडीचा मसुदा आणि खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा होता. घरात कुणी उठलं नव्हतं. साडी खाटेवर तशीच होती, फॉल अर्धा, सुई खोचलेली.

मालेला पोचले तेव्हा आक्का गोठ्यातलं शेण काढत होत्या आणि सून चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. मला बघून दोघींचे हात थांबले.

"काय गं, येवढ्या सकाळी? पोरगी बरी हाय ना?"

"बरी आहे. आक्का, जरा बांधापर्यंत येता का?"

सुनेसमोर मला काही बोलायचं नव्हतं. तिथे एक शब्द निघाला असता तर उद्यापासून आक्कांची भाकरी थंड झाली असती.

बांधावर गेल्यावर मी मसुदा काढला आणि वर्गात वाचते तसा सरळ वाचला. मी माझ्या राजीखुशीने, भावाच्या प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता, सदर मिळकतीतील माझा संपूर्ण हक्क कायमचा सोडून देत आहे. माझ्या वारसांचाही त्यावर हक्क राहणार नाही. आक्का खाली बघत ऐकत होत्या.

"मोबदला कसा न्हाई?" त्या म्हणाल्या. "साडी हाय की."

मी कागदाची घडी घातली.

"म्हंजी खोली बी गेली?"

"सगळंच."

"बँकेला पाहिजे म्हणून?"

"बँकेला नको आहे. हे यांनीच काढलंय. मला शुक्रवारी कळलं."

"आन काल का न्हाई बोललीस? तोंडात फॉलचा दोरा व्हता म्हणून?"

"मुलीचं वर्ष जाईल म्हणून घाबरले."

"मास्तरीण हायस तू," आक्का म्हणाल्या. "पोरांनला काय शिकिवतीस गं?"

मी मसुदा पर्समध्ये ठेवला. बँकेची यादी काढली, त्यातली सहमालकाची ओळ मराठीत सांगितली. या कागदावर सही केली तर वाटा तुमचाच राहतो. पण चाळ गहाण पडते, तुमच्या वाट्यासकट. हप्ते माझ्या पगारातून जातील आणि पुढे मुलगी फेडेल, असं ठरलंय. पण ते थकले तर बँक तुमच्या खोल्यांनाही हात घालेल. तुम्ही नाही म्हणालात तरी मी तुम्हाला बोल लावणार नाही.

"न्हाई म्हटलं तर पोरगी जायची न्हाई?"

"या वर्षी नाही."

त्यांनी पायाच्या अंगठ्याने एक ढेकूळ फोडलं. मग दुसरं. पलीकडे भाताचं रोप बोटभर वर आलं होतं आणि त्यात साळुंक्या उतरत होत्या. आक्कांनी त्यांना हाकललं नाही.

"कोपऱ्यातली खोली कुनाला दिलीया सध्या?"

"मेअखेर रिकामी झाली."

"आता भाड्यानं दिऊ नको. कुलूप लाव. आन किल्ली माझ्यापाशी."

"कुलूप लावलेलंच आहे," मी म्हणाले आणि जुडगा काढला. कडी घट्ट होती, किल्ली सुटताना माझं नख मोडलं. आक्कांनी ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि गाठ ओढून बघितली.

"बँक किती वाजता उघडती?"

"दहाला. उद्या मी इथे येऊन तुम्हाला घेऊन जाते."

"तू कशाला? तुझी शाळा उघडतीया ना उद्या?"

"रजा टाकते."

"जीपनं यीन मी. तू तितंच ऱ्हा. आन वाचायला लाव त्या बाईला, सगळं, माझ्याम्होरं. तुझ्यावं इस्वास न्हाई आता माझा."

बांधावरूनच मी नवऱ्याला फोन लावला. मंगळवारची पौडची वेळ रद्द करा, म्हटलं. उद्या दहाला बँकेत या, आक्का येणार आहेत. हक्कसोडीचा मसुदा माझ्याकडे आहे, शोधत बसू नका.

मग तो म्हणाला, "आन ती साडी? दुकानदार परत घील का?"

मी फोन ठेवला.

"काय म्हनतुया?" आक्कांनी विचारलं.

"साडीचं विचारतायत."

"तूच नेस," त्या म्हणाल्या आणि गोठ्याकडे वळल्या. चहाला थांब म्हणाल्या नाहीत. मी स्कूटरवर बसले, मुख्याध्यापकांना उद्याच्या रजेचा मेसेज पाठवला आणि गाडी घराकडे वळवली.